नदीच्या घरी

सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की ख्यालीखुशाली नंतर. आधी एकच प्रश्न, “पाणी किती आहे?” उत्तर आकड्यात येतं, आणि तो आकडा कशाचा हे कुणी सांगत बसत नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मग कुणीतरी हळूच विचारतं, “कोयनेतून किती सोडलंय?” आणि मग आभाळाकडे बघणं, गप्प होणं, घराकडे वळणं.

आमचं घर गावभागात. घरातून नदी दिसत नसे, पण आषाढ-श्रावणात तिचा वास यायचा. ओल्या मातीचा, कुजलेल्या पाचटाचा, वाटेत तिने कुठून कुठून उचललेल्या रानांचा. रात्री पाऊस थांबला की त्या शांततेत एक घुमारा उरे, आवाज म्हणावा इतका स्पष्ट नाही, गादीवर पडल्यावर पाठीतून जाणवणारा, आणि अंधारात आजी कूस बदलून पुटपुटे, “माई भरलीय.” पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की ती खण-नारळ आणि हळदकुंकू घेऊन बाहेर पडे, गढूळ पाण्याच्या कडेला उभी राहून नदीची ओटी भरी, हात जोडी, आणि परत येऊन पदर खोचून सामान माळ्यावर चढवायला लागे. भक्ती आणि व्यवहार यांचं भांडण तिने कधी लावलं नाही.

माळ्यावर काय चढे? तांदळाचा डबा, डाळ, गूळ, प्लास्टिकच्या पिशवीत दोन गाठी मारून ठेवलेल्या काडेपेट्या, औषधं, कागदपत्रांची पत्र्याची पेटी, कोरडी अंथरुणं, कंदील, दोरी, आणि सगळ्यांत शेवटी, न्हाऊन-पुसून, देव. पलंग, कपाट, शिसवी पाट, अंगणातली तुळस हे सगळं खालीच राही, आणि आम्ही मुलं जिन्यात बसून पाणी उंबऱ्याशी येतंय का ते बघत असू, मनातून थोडी घाबरलेली आणि, आता सांगायला हरकत नाही, थोडी आतुरलेली. बहुतेक वर्षी ते गल्लीतूनच माघारी फिरे. २००५च्या जुलैत मात्र ते आत आलं, स्वयंपाकघरात गेलं, देवघरात गेलं, आणि ओसरल्यावर भिंतीवर आपली रेघ ठेवून गेलं.

नदी आमच्याकडे पाहुणी म्हणून यायची. किती दिवस राहणार, ते सांगायची नाही.

आता मी वेलिंग्टनला राहते, आणि नदीच्या घरी जायची तयारी करते आहे.

नदीचं नाव वांगानुई. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो पर्वताच्या उतारावर ती उगम पावते, आणि २९० किलोमीटर वाहून तिच्याच नावाच्या शहरापाशी टास्मान समुद्राला मिळते. इथल्या संवर्धन खात्याने देशातल्या मोजक्या पायवाटांना ‘ग्रेट वॉक’ म्हणून मान दिला आहे. त्या यादीत ही एक वाट अशी, की तिच्यावर पाऊल टाकताच येत नाही. टाउमारुनुईपासून पिपिरिकीपर्यंत १४५ किलोमीटर उघड्या होडीतून जायचं, दोघांनी दोन वल्ह्यांवर, साधारण पाच दिवस, आणि रात्री काठावर मुक्काम ठोकायचा. वेळ कमी असेल तर मधल्या व्हाकाहोरोहून निघून तीन दिवसांतही उरकता येतं. नदी उरकायची नाही, म्हणून आम्ही लांबची वाट धरली.

नवरा विदर्भातला. त्याच्या गावची नदी उन्हाळ्यात वाळूची असते, आणि झरा खणून वाटीवाटीने पाणी भरण्याच्या गोष्टी तो अजून सांगतो. त्याला पाणी यावं याची काळजी, मला ते ओसरावं याची. एकाच टेबलावर एकच नकाशा पसरून आम्ही बसतो, आणि तो निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणतो, “इथे बघ, किती छान वळण आहे.” मी त्याच वळणावर बोट ठेवून दोन्ही बाजूंच्या तपकिरी रेषा बघते. एकमेकींना चिकटून गेलेल्या त्या रेषांचा अर्थ एवढाच, की तिथे काठ नाही. भिंती आहेत. पाणी चढलं तर त्याला पसरायला जागा नाही, ते उंचच होत जाणार.

रात्री भांडी आवरून झाली, बाहेर वेलिंग्टनचा वारा खिडक्यांशी झोंबत असला, की मी फोनवर पिपिरिकीचं पाणी बघते. मग वरच्या अंगाचं, ‘ते माइरे’ नावाच्या ठिकाणचं. आकडा येतो, त्याच्याशेजारी एक रेघ येते, कालच्या पावसाने वर गेलेली आणि आज हलके हलके खाली उतरणारी, आणि ती उतरताना बघताना माझ्या खांद्यांतलं काहीतरी सैल होतं. नवरा हसतो. “अगं, जायला अजून किती अवकाश आहे!” त्याचं खरं आहे. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये याच खुर्चीवर बसून, याच फोनवर मी दुसऱ्या एका नदीचा आकडा बघत होते. तो ५७ फुटांच्या वर गेला होता, आणि आई वरच्या मजल्यावर होती, आणि फोन लागत नव्हता. त्या रात्रींनंतर माझा हात आपोआप तिकडे जातो. आता हा आकडा मी हौसेने बघते आहे, हे हाताला अजून पुरतं पटलेलं नाही.

आणि ज्या दिव्याखाली हा नकाशा पसरला आहे, त्या दिव्यातही नदीच आहे. वांगानुईच्या उगमाकडचं पाणी १९७०च्या दशकापासून बोगद्या-कालव्यांतून वळवून विजेसाठी नेलं जातं. ते आपल्या दरीत उतरतच नाही, दुसऱ्याच खोऱ्यातून समुद्राकडे जातं. हे वाचलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. कृष्णेला मिळायला निघालेल्या कोयनेचं पाणीही सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडतात, पोफळीच्या वीजघरातून ते वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला जातं. दोघींनी आपल्या अंगातलं पाणी काढून कुणाकुणाच्या घरी दिवे लावले आहेत. उरलेल्या पाण्यावर त्या वाहतात. त्या उरलेल्या पाण्यावर आमची होडी चालणार आहे.

होडीबरोबर सामानासाठी पिंपं मिळतात. सरावाला म्हणून मी एका मैत्रिणीचं पिंप घरी आणून ठेवलं आहे. जाड प्लास्टिकचं, रुंद तोंडाचं, लहान मूल सहज मावेल एवढं. झाकणाच्या आतल्या अंगाला रबराची कडी, वरून धातूचा पट्टा, पट्ट्याला खटका. कडीला वाळूचा एक कण जरी चिकटलेला असला तरी तिथून पाणी वाट काढतं, म्हणून आधी ओल्या फडक्याने कडी पुसायची, मग कोरड्या, मग बोट फिरवून बघायचं. झाकण बसवायचं, पट्टा चढवायचा, तळहाताने भोवताली ठोकत ठोकत तो सारखा करायचा आणि खटका दाबायचा. नीट बसला तर एक जाड, बुटका आवाज येतो. नाही बसला तर आवाज पोकळ येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आत कोरा कागद ठेवून ते पिंप मी न्हाणीघरातल्या टबात दाबून धरलं. ते वर यायला धडपडत होतं, माझ्या दोन्ही हातांना त्याचा जोर लागत होता, कोपरापासून पाणी ओघळत होतं. उघडून बघितलं. कागद कोरडा होता.

मग काय काय भरायचं त्याची यादी करायला बसले. तांदूळ. डाळ. गूळ. काडेपेट्या, दुहेरी पिशवीत. औषधं. ओळखपत्रं आणि नोंदणीचे कागद, बंद पाकिटात. कोरडं अंथरूण, कोरडे कपडे. दिवा. दोरी. लिहिता लिहिता हात थांबला. ही यादी मी कधीच केलेली नव्हती, आणि ती मला पाठ होती. आजी माळ्यावर चढवायची ते हेच. नदी आली तर तिच्यापासून वाचवायचं ते, आणि नदीकडे जायचं तर बरोबर न्यायचं ते, शेवटी तेच निघालं, त्याच क्रमाने, तशाच गाठी मारून. माणसाला लागतं एवढंच. मधल्या काळात आपण घरात किती भरून ठेवतो, आणि ते सगळं आपलं आहे असं मानत कसे राहतो, हे मला त्या यादीने न रागावता सांगितलं. भीती आणि ओढ यांच्यासाठी सामान वेगवेगळं बांधावं लागत नाही.

यादीत देव लिहू की नको, यावर मी बराच वेळ पेन धरून बसले होते. लिहिला नाही.

खाण्याचं गणित त्याहून सोपं आणि त्याहून आनंदाचं. होडीत शीतकपाट नाही, तेव्हा जे आधी नासेल ते आधी खायचं. पहिल्या दिवशी पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, दुसऱ्या दिवशी दशम्या आणि लसणीची चटणी, मग भाजणीचं थालीपीठ, मग मेतकूट-भात, आणि शेवटी, सगळं ओलं संपल्यावर, जिला काही म्हणजे काही होत नाही ती मुगाची खिचडी. मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे आणि भडंग. भडंगाशिवाय सांगलीचा माणूस नदीवर जात नाही. हे सगळं पिंपात उलट्या क्रमाने भरायचं, शेवटचा दिवस तळाशी, पहिला दिवस वर, म्हणजे रोज झाकण उघडलं की आजचं जेवण हाताशी येतं आणि उद्याचं त्याच्याखाली वाट बघत असतं. गावाला निघताना आई पिशवी अशीच भरायची. स्टेशनवर लागणारं वर, घरी पोचल्यावर लागणारं खाली.

वजनदार पिंपं होडीच्या मध्यावर, तळाला टेकून. हलकी दोन्ही टोकांकडे. प्रत्येकाला दोरी, प्रत्येक दोरी होडीला, कारण शेवटच्या दिवशी, पिपिरिकीच्या जरा अलीकडे, एक खळाळ आहे ज्याला इथली माणसं ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात. निम्म्या होड्या तिथे उलटतात, म्हणून. मी एवढं निगुतीने भरलेलं सगळं एका फेसाळ वळणावर आकाशाकडे तळ करून वाहत जाईल, ही शक्यता त्या योजनेतच लिहिलेली आहे. निम्मी.

वल्हं मारायला आम्ही पोरिरुआच्या खाडीत शिकतो आहोत. मागे बसणारा दिशा धरतो, पुढचा जोर लावतो आणि समोरचं पाणी बघतो. मी पुढे बसते. माझ्या आयुष्यातलं पहिलं जलवाहन मामाच्या गावी होतं, गुळाची काहील. गुऱ्हाळात रसाने भरून चुलवाणावर चढणारी ती भलीमोठी कढई पावसाळ्यात रिकामी होई आणि नदीत उतरे. तिच्यात बसून माणसं पलीकडे जात, आणि तिला पुढचं-मागचं नसल्यामुळे ती स्वतःभोवती फिरत फिरत जाई. झाडं फिरत, देऊळ फिरे, मामा फिरे, आणि तळाला उरलेल्या जळक्या गुळाचा वास पाण्याच्या वासात मिसळे. कृष्णेवर होड्यांच्या शर्यतीही लागत, आणि काठावरून ओरडून ओरडून आमचे घसे बसत. पण ते सगळं नदी ओलांडणं होतं, नाहीतर तिच्यावर जिंकणं होतं. नदी जाते तिकडे तिच्याबरोबर जायचं, एवढाच उद्देश धरून मी होडीत कधी बसले नव्हते.

शिकवणारीने पहिल्याच दिवशी वाळूवर काठीने दोन तिकोने काढून दाखवले. पाण्यावर तिकोना दिसला आणि त्याचं टोक उताराकडे असलं, तर ती मोकळी वाट, दोन खडकांमधून निसटलेली जीभ, तिच्यावरून जा. टोक आपल्याकडे वळलेलं असलं, तर खाली खडक आहे, बाजूला हो. एवढंच. ते ऐकल्यापासून मी रस्त्याकडेच्या गटारातही तिकोने शोधते. पाऊस पडून गेला की फुटपाथशी वाकून बघते. एका वाळक्या पानाला अडलेलं पाणी दुभंगतं, पानाला वळसा घालतं, पुढे पुन्हा एक होतं, आणि त्या एवढ्याशा ओघळातही ती खूण अचूक उमटलेली असते. पाणी आपलं म्हणणं सगळीकडे एकाच अक्षरात लिहितं. वाचायला मात्र वाकावं लागतं.

ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामात प्रत्येक रात्रीची जागा आधी नोंदवून ठेवावी लागते. पहिली रात्र ओहिनेपाने. दुसरी व्हाकाहोरो. तिसरी जॉन कूलची झोपडी. चौथी तिएके. ही नावं मी कामावर जाताना मनात म्हणते, गाडीत म्हणते, कणीक तिंबताना म्हणते, आणि न बघितलेल्या त्या जागा हळूहळू माझ्या आत मुक्काम करायला लागल्या आहेत. ऐकून आहे, वाचून आहे, की व्हाकाहोरोच्या पुढे दरी आवळत जाते. करड्या, मऊ, चिखलदगडाच्या भिंती सरळ पाण्यातून उठतात, त्यांच्यावर नेचे आणि शेवाळ लोंबतं, बारीक धारा वरून सुटून वाटेतच वाऱ्यावर विरतात, ऊन तळापर्यंत उशिरा पोचतं आणि लवकर निघून जातं, आणि सकाळी धुकं इतकं खाली असतं की होडीच्या पुढच्या टोकापलीकडे फक्त आवाज असतो, पाण्याचा, तुई पक्ष्याच्या शिळेचा, आपल्याच वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांचा. त्या करड्या दगडाचा चिखल विलक्षण निसरडा असतो म्हणे. तळ उंचावर असतात, तेव्हा रोज संध्याकाळी पिंपं त्या निसरड्या काठावरून वर चढवायची आणि होडीसुद्धा ओढून उंच बांधायची, कारण वरच्या अंगाला रात्री पडलेला पाऊस पहाटे खाली पोचतो. हे वाचलं तेव्हा पायांच्या बोटांनी आपोआप जमीन धरली. पूर ओसरल्यावर आमच्या स्वयंपाकघरात उरलेल्या गाळावर चालताना ती अशीच वळायची.

चौथ्या दिवशी एक थांबा आहे, मांगापुरुआ. होडी बांधून रानातून पाऊण तासाभर चालत गेलं की अचानक एक पूल दिसतो. सिमेंट-काँक्रीटचा, भक्कम, उंच, मोटार जाईल एवढा रुंद. दोन्ही बाजूंना रान. रस्ता नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने ही दरी कसायला दिली. त्यांनी रान तोडलं, घरं बांधली, मुलं वाढवली, आणि झाडं गेल्यावर डोंगराची माती पावसाबरोबर खाली यायला लागली, रस्ते खचायला लागले, लोकरीला भाव राहिला नाही. एकेक घर उठत गेलं. पूल पुरा झाला १९३६मध्ये, आणि १९४२मध्ये शेवटची कुटुंबं दरी सोडून गेली. कुठेच न नेणारा पूल, अशा नावाने तो आता ओळखला जातो. माझ्या वहीत त्या दिवसासमोर लिहिलं आहे, दुपारचं जेवण पुलावर, थालीपीठ. मेतकूट-भात नको, तो रात्री. इतकं बारीक ठरवताना त्या दरीतल्या बायका मनात येतात. त्यांच्याही वह्या असतील. कुठल्या वाफ्यात काय, कुठल्या हिवाळ्यात किती लाकूड, पूल झाला की बाजार किती जवळ. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. फक्त त्यात डोंगराला धरलेलं नव्हतं.

आणि मग तिएके. तिथे झोपडी आहे आणि तेच माओरींचं मराएही आहे, त्यांच्या पूर्वजांची, बैठकीची, आदबीची जागा. यजमान घरी असले तर रीतसर स्वागत होतं, त्यांच्या रीतीने वागायचं असतं, दारू चालत नाही. वांगानुईच्या काठच्या लोकांच्या लेखी नदी आणि माणूस ही दोन नाहीत, ती त्यांची पूर्वज आहे, जित्या अंगाची. तिच्यावरच्या हक्कासाठी १८७०च्या दशकापासून त्यांनी अर्ज केले, कोर्टकज्जे केले, पिढ्या खर्ची घातल्या. मार्च २०१७मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा केला, आणि डोंगरापासून समुद्रापर्यंत, पाण्यासकट, तळासकट, तिच्यात राहणाऱ्या सगळ्या जिवांसकट, नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक सरकारने, एक नदीकाठच्या लोकांनी सुचवलेलं. त्याच महिन्यात आपल्याकडे उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानेही गंगा-यमुनेला तोच दर्जा दिला होता. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती आता सांगलीत वरच्या मजल्यावरच राहते. खालच्या खोल्यांत पुन्हा काही भरलं नाही.

“कायद्याने?” ती म्हणाली. “माणूस आहे हे कळायला कायदा कशाला लागतो?”

“लागतो गं. आपण माई म्हणतो आणि निर्माल्य पिशवीसकट टाकतो.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “तिथे टाकत नाहीत?”

“नाही. नेलेला सगळा कचरा परत पिंपात भरून आणायचा. एक कागदसुद्धा ठेवायचा नाही.”

“मग ओटी कशी भरणार तिची?”

मला उत्तर सुचलं नाही. नारळ तिच्यात सोडता येणार नाही, खण सोडता येणार नाही, कुंकवाचं बोटसुद्धा त्या पाण्याला लावावंसं वाटणार नाही. तो प्रश्न मी बरेच दिवस घेऊन हिंडले, खाडीत वल्हं मारताना, डाळ भाजताना, रात्री रेघेचा चढउतार बघताना. मग एक दिवस पिंपाचा खटका लावता लावता वाटलं, की हेच तर आहे. कडी पुसणं, गाठ पक्की मारणं, पाणी किती ते रोज विचारणं, तिचा चढता काळ टाळून उन्हाळ्यात, तिला सोयीचं असेल तेव्हा जाणं, आपलं अन्न आपण नेणं, आपली घाण आपण आणणं, दाराशी जोडे काढणं, आणि बोलावलं नसताना फार दिवस न राहणं. कुणाच्या घरी जाताना आजीने आम्हाला शिकवलं होतं ते एवढंच. ती गढूळ पाण्याच्या कडेला उभी राहून हात जोडायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, त्याला मी इतकी वर्षं भीती समजत होते. आता वाटतं, ती यजमानीण होती. दाराशी आलेलीला सामोरी जात होती.

आता आमची पाळी आहे, पाहुणे म्हणून नीट वागायची.

सगळं भरून झालं, ठरवून झालं, नोंदवून झालं. नवऱ्याने वही तपासली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. परतीच्या आधी एक दिवस रिकामा होता. तारीख होती, पुढे काही नव्हतं, ना मुक्काम, ना किलोमीटर, ना जेवण. “इथे काय करायचं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी चढलं, तर आपण काठावर होडी बांधून ते उतरेपर्यंत थांबायचं. नाही चढलं, तर लवकर पोचू आणि पिपिरिकीला एक दिवस नुसतं बसू. त्या एका रिकाम्या ओळीसाठी रजेचा एक दिवस जास्तीचा जातो, भाड्याचे पैसे जास्तीचे जातात, शिध्यात दोन मुठी तांदूळ जास्तीचे पडतात. पण अख्ख्या योजनेत नदीचं म्हणून एवढंच ठेवलेलं आहे. बाकी सगळं आमचं आहे.

तुमच्यापैकी कुणी कधी नदीवर जायला निघालंच, वांगानुईवर असो नाहीतर घरामागच्या ओढ्यासारख्या एखाद्या नदीवर असो, तर पाण्याची चौकशी करून निघा, होडी रात्री उंच बांधा, नेलेलं सगळं परत आणा, आणि एक दिवस जास्तीचा धरा.